भुतांची जात, राक्षसांचा देश

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या प्रताप नगरात लाकडी नंद्यांचा सण असतो. तान्हा पोळा. नवे कपडे घातलेली पोरं आपापला नंदी ओढत मैदानात येतात. एखादा नंदी तळहातावर मावेल एवढा, एखादा त्याला आणणाऱ्या पोरापेक्षा उंच. मग घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केली, असं नागपूरकर अभिमानानं सांगतात. त्याच दिवशी शहराच्या पूर्वेला, जुन्या नागपुरात, इतवारी आणि जागनाथ बुधवारीच्या गल्ल्यांतून दोन प्रचंड बायका निघालेल्या असतात. बांबू, कागद आणि कापडाच्या. एक काळी, एक पिवळी. त्यांच्या मागेपुढे बडगे. त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे, मग ती महागाई असो, भ्रष्टाचार असो की दहशतवाद. आणि सगळीकडून एकच आरोळी : घेऊन जा गे मारबत.

मी इतकी वर्षं या शहरात राहतो, पण मारबतीकडे बघण्याची माझी नजर बदलली ती इंग्लंडमधल्या काही कादंबऱ्यांमुळे. प्रताप नगरातल्या एका घरी आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा पुस्तकं घेऊन बसतो. निवृत्त बँक अधिकारी आहेत, एक-दोन प्राध्यापक आहेत, गोंदिया जिल्ह्यातून संशोधनासाठी नागपुरात आलेली एक गोंड मुलगी आहे. काही काळापूर्वी आम्ही ठरवून अलीकडच्या ब्रिटिश कादंबऱ्या वाचायला घेतल्या, ज्यांत राक्षस, ड्रॅगन, जंगलातले जुने जीव, पाण्यातले प्राणी येतात आणि तरीही ज्या लहान मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत. वाचता वाचता चर्चा सारखी नागपूरकडे वळायची. हा लेख त्या वळणांचा आहे.

आधी काळ्या मारबतीकडे जाऊ.

काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, असं सांगितलं जातं. पिवळी तऱ्हाने तेली समाजाची. ती रक्षण करणारी, तिच्यापुढे लोक हात जोडतात. काळी मात्र दुष्ट. तिला कुणी पूतना मावशी म्हणतं, पण नागपूरच्या तोंडी तिची खरी ओळख वेगळी आहे : ती बांकाबाई. भोसल्यांची राणी, जी इंग्रजांना मिळाली. म्हणून तिला दरवर्षी शहरभर फिरवायचं आणि वेशीबाहेर नेऊन जाळायचं.

कागदपत्रांत बाकाबाई म्हणून भेटणारी ही बाई दुसऱ्या रघुजींची राणी. 1816 मध्ये रघुजी गेले. गादीवर आलेल्या परसोजीचा पुढच्याच वर्षी खून झाला आणि सत्ता आप्पासाहेबांकडे गेली. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, भोसले हरले. आप्पासाहेबांना इंग्रजांनी दूर केलं आणि दुसऱ्या रघुजींच्या एका अल्पवयीन नातवाला तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवलं. राजवाड्याची व्यवस्था बाकाबाईकडे आणि राज्याचा कारभार प्रत्यक्षात रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सच्या हाती, अशी वाटणी झाली. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. 1857 मध्ये बाकाबाईनं आपल्या माणसांना उठावापासून लांब ठेवलं. पुढच्या वर्षी ती वारली. लोकांच्या मनात राहिलं ते हे शेवटचं.

पण 1854 चं काय? राज्य गेलं तेव्हा वाड्यातल्या राण्यांनी विरोध केला होता. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत कवडीमोलानं विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. वाड्यातलं सामान हलवायला माणसं आली तेव्हा एका वृद्ध राणीनं, सामान हललं तर वाड्याला आग लावीन, असं बजावल्याचं त्या काळच्या इंग्रज इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. सामान हललंच. ही धमकी मारबतीच्या मिरवणुकीत कधी ऐकू येत नाही.

मला बाकाबाईची वकिली करायची नाही. पन्नास वर्षांच्या राजकारणात तिनं अनेक हिशेब केले असतील, त्यातले काही वाईटही असतील. प्रश्न वेगळा आहे. गमावलेल्या राज्याचं दुःख शहराला जेव्हा एका शरीरात ओतायचं होतं, तेव्हा ते शरीर म्हाताऱ्या विधवेचं निवडलं गेलं. जेन्किन्सचं नाही, डलहौसीचं नाही. बाहेरून आलेला शत्रू लांब राहतो, घरातली बाई हाताशी असते. तिला राक्षसीण केलं की हरण्याचं कारण सापडतं आणि ते वेशीबाहेर टाकताही येतं.

माझ्या शेजारी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या आजी राहतात. त्यांना मी हे विचारलं. पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवायच्या, पहाटे त्या उचलून गावाच्या शिवेवर नेऊन टाकायच्या, हे त्यांनी लहानपणी केलेलं. म्हणाल्या, "आमच्या गावाले काई बांकाबाई नवती बाप्पा. मारबत म्हंजे मारबत. ताप, खोकला, ढेकनं, सारं घेऊन जाय म्हनायचं. राणी-बिणी शहरातल्या लोकायची."

आजींच्या या बोलण्यात एक मोठी गोष्ट आहे. खेड्यातल्या मारबतीला नाव नाही, इतिहास नाही, देश नाही. पावसाळ्यातल्या रोगराईचं ती रूप आहे. शहरात आल्यावर, राज्य बुडाल्यावर, तिला नाव मिळालं. लोककथेतला जीव मुळात गावचा असतो. त्याला देशाचा करतात ती माणसं, आणि कुठल्या तरी ठरावीक वेळी करतात.

इंग्लंडमध्ये ही वेळ गेल्या वीस वर्षांत आली. साम्राज्य गेलं, स्कॉटलंड वेगळं होण्याच्या गोष्टी करू लागलं, पोलंडपासून पाकिस्तानपर्यंतची माणसं त्यांच्या गावाशहरांत राहू लागली आणि 'इंग्लिश म्हणजे कोण' हा प्रश्न घराघरांत आला. 23 जून 2016 च्या मतदानात युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूनं इंग्लंड आणि वेल्सनं कौल दिला, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडनं विरुद्ध. या काळात तिथल्या चांगल्या लेखकांनी राजवाडे आणि युद्धं सोडून जंगल, दलदल आणि जुन्या थडग्यांकडे जायला सुरुवात केली.

काझुओ इशिगुरोंची 'द बरीड जायंट' 2015 मध्ये आली, मतदानाच्या आदल्या वर्षी. इशिगुरो नागासाकीत जन्मलेले, पाच वर्षांचे असताना इंग्लंडमध्ये आलेले, 2017 चे नोबेल मानकरी. राजा आर्थरच्या मृत्यूनंतरच्या काळातली ही गोष्ट. ब्रिटन आणि सॅक्सन शेजारी शेजारी शांतपणे राहत आहेत, कारण कुणालाच काही आठवत नाही. सगळ्या मुलुखावर धुकं आहे. अॅक्सल आणि बिअॅट्रिस हे म्हातारं जोडपं आपल्या मुलाला शोधायला निघतं आणि वाटेत कळतं की धुकं म्हणजे क्वेरिग नावाच्या मादी ड्रॅगनचा श्वास आहे. मर्लिननं तिच्यावर मंत्र घातला तो आर्थरच्या माणसांनी सॅक्सनांची जी कत्तल केली तिचा विसर पडावा म्हणून. आर्थरचा जुना सरदार गॅवेन ड्रॅगनला मारायच्या नावाखाली तिचं रक्षण करत बसलेला आहे. शेवटी सॅक्सन योद्धा विस्टन ड्रॅगनला मारतो. आठवण परत येणार, आणि तिच्याबरोबर सूडही, हे वाचकाला कळून चुकतं.

आमच्या बैठकीत या पुस्तकावर सर्वांत लांब चर्चा झाली. निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की ड्रॅगन जिवंत राहिली असती तर बरं. मला ते पटलं नाही आणि अजून पटत नाही. पण इशिगुरोंनी एक काम केलं जे इतिहासकाराला जमत नाही. ज्या आर्थरवर इंग्लंड आपली ओळख टांगतं, त्याच्याच नावावर कत्तल लिहिली आणि ती दडवण्याचं काम एका दंतकथेतल्या प्राण्याला दिलं. राष्ट्राचा पाया म्हणून दाखवलेली गोष्ट विस्मरणाचं यंत्र निघाली.

मॅक्स पोर्टर यांच्या 'लॅनी'त (2019) असाच एक जीव आहे, डेड पापा टूथवर्ट. लंडनपासून फार लांब नसलेल्या गावाच्या मातीत तो शतकानुशतकं झोपतो-उठतो आणि गावकऱ्यांचं बोलणं ऐकतो. ते बोलणं पानावर वेड्यावाकड्या ओळींत वाहत जातं. गावात नवीन आलेल्या कुटुंबातला मुलगा हरवतो तेव्हा तेच गाव एका म्हाताऱ्या चित्रकारावर संशय घेतं आणि आपलं कोण, परकं कोण याची वाटणी सुरू होते. टूथवर्टला त्या वाटणीशी देणंघेणं नाही. त्याला सगळे आवाज सारखेच चविष्ट.

हेलन ओयेयेमी यांची 'व्हाइट इज फॉर विचिंग' (2009) मला त्याहून धारदार वाटते. डोव्हर बंदर, जिथून परके इंग्लंडमध्ये शिरतात, तिथलं एक घर. घर स्वतः बोलतं आणि त्याला परके लोक सहन होत नाहीत. गोऱ्या कुटुंबानं वाढवलेली नायजेरियन वंशाची ओरे त्या घरात पाहुणी म्हणून येते. तिच्या सोबतीला कॅरिबियन बेटांवरची रक्त शोषणारी सूकुयाँ गोष्टीत येते. म्हणजे इंग्लंडच्या भुताटकीत आता बाहेरून आलेल्यांची भुतंही हक्कानं राहतात. सुझाना क्लार्क यांनी हे 2004 मध्येच 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल'मध्ये केलं होतं. आठशे पानांचा इंग्लिश जादूचा इतिहास, आणि शेवटी परीलोकाचा मुकुट जातो तो गुलाम बाईच्या पोटी जहाजावर जन्मलेल्या काळ्या बटलरकडे, स्टीफन ब्लॅककडे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमध्ये ज्याला आज सगळ्यांत प्राचीन मानतात तो 'ग्रीन मॅन', तोंडातून पानं फुटलेला हिरवा माणूस. चर्चमधल्या दगडांवर ते चेहरे मध्ययुगापासून आहेत खरे. पण त्यांना हे नाव देऊन, वसंतोत्सवातल्या पानांनी मढलेल्या माणसाशी जोडून, एक अखंड प्राचीन देवता म्हणून उभं केलं ते लेडी रॅगलन यांनी 1939 मध्ये, 'फोकलोर' नियतकालिकातल्या एका लेखात. मे 2023 मधल्या राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवर तोच हिरवा माणूस होता. शंभर वर्षंही न झालेली कल्पना राष्ट्राचा पुराणपुरुष म्हणून पत्रिकेवर बसली. मारबतीची बांकाबाई त्याच्याहून जवळपास साठ वर्षांनी मोठी ठरते.

आता आपल्या भुतांकडे. मराठी भुतांची सर्वांत मोठी जुनी यादी कुणी केली, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राच्या स्वातंत्र्यलढ्यात सापडतं.

21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे या तरुणानं गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेचा तो सूड होता. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. शाळेत आपण इथपर्यंत शिकतो. पण हाच ए. एम. टी. जॅक्सन संस्कृत-मराठी जाणणारा अभ्यासक होता आणि त्यानं मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची मोठी माहिती गोळा करून ठेवली होती. त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन यांनी ती ग्रंथरूपात आणली. गुजरातचा खंड 1914 मध्ये, कोकणाचा 1915 मध्ये. त्या कोकण खंडाची खरी लेखणी गावोगावच्या शाळामास्तरांची आहे. प्रश्नावली पाठवली गेली, मास्तरांनी उत्तरं पाठवली आणि छापताना कुठल्या गावच्या मास्तरानं काय सांगितलं याचा निर्देशही राहिला.

मला हा प्रसंग फार अस्वस्थ करतो. राष्ट्रासाठी एका तरुणानं जीव दिला, त्याच्या गोळीनं जो पडला त्याच्या कागदांत आपल्या मुंजा-हडळींची नोंद होती, आणि ती नोंद करणारे हात आपल्याच मास्तरांचे होते. एखाद्या इंग्रज कादंबरीकाराच्या हाती हे आलं असतं तर त्यानं सोडलं नसतं. मराठीत जॅक्सनचा खून नाटक-सिनेमात आला. त्याच्या भुतांच्या वह्या आल्या नाहीत.

त्या यादीत आणि आजही गावोगाव सांगितल्या जाणाऱ्या समजुतींत एक गोष्ट ठळक आहे. आपल्याकडे मेल्यावरही जात सुटत नाही. मुंजा हा मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा, पिंपळावर राहणारा. ब्रह्मराक्षस विद्वान ब्राह्मणाचा. समंध पुरलेल्या धनावर आणि वारस नसलेल्या घरावर बसलेला. हडळ बाळंतपणात गेलेली बाई. खवीस मुसलमानाचा म्हणून सांगतात, काही गावांत गावकुसाबाहेरच्या माणसाचा. काफरी तर सरळ हबशी गुलामांच्या आठवणीतून आलेला. भुतांची ही वस्ती गावाच्या नकाशासारखीच वसलेली आहे. ब्राह्मणाचं भूत पिंपळावर, त्याला नैवेद्य आणि वचक. बाकीच्यांची भुतं ओढ्याकाठी, मसणात, वेशीबाहेर. इंग्लंडचा लेखक आपल्या राक्षसाला 'तू या देशाचा की परका' असं विचारतो. आपल्या भुताला मांत्रिक पहिला प्रश्न विचारतो तो 'तू कोण, कुणाचा' हा.

मराठी भयकथेनं या प्रश्नाकडे बहुतेक वेळा पाठ फिरवली. नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) यांनी माझ्या पिढीला घाबरायला शिकवलं आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. धारपांची नजर मात्र अनेकदा अमेरिकेकडे होती. राही अनिल बर्वे यांना 1993 मध्ये आपल्या विदर्भातल्याच नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं धारपांची 'आजी' ही गोष्ट सांगितली, आणि त्यातून पुढे 'तुंबाड' जन्मला. 'आजी'चं मूळ स्टीफन किंगच्या 'ग्रामा' या कथेत. म्हणजे अमेरिकेतली एक म्हातारी पुण्यामार्गे नागझिऱ्याला आली आणि तिथून कोकणातल्या वाड्यात गेली.

पण 'तुंबाड'नं (2018) एक असं काम केलं जे मला इशिगुरोंच्या जवळचं वाटतं. त्यातला हस्तर कुठल्याच पुराणात नाही, तो रचलेला देव आहे. समृद्धीच्या देवीचं पहिलं, हावरट मूल, ज्याची पूजा कधी होऊ नये असा शाप. एक ब्राह्मण घराणं त्याला कणकेच्या बाहुल्यांनी फसवून सोन्याच्या मोहरा आणत राहतं. गोष्ट 1918, 1933 आणि 1947 अशा तीन टप्प्यांत चालते. देश स्वतंत्र होतो त्याच वर्षी वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते आणि त्या घराण्यातला विनायकराव शेवटची मोठी लूट करायला मुलाला घेऊन विहिरीत उतरतो. स्वातंत्र्याची पहाट आणि पोटातली हाव एकाच चौकटीत. राष्ट्राच्या जन्माशेजारी राक्षस उभा करण्याचं धाडस मराठी मातीतल्या गोष्टीनं केलं, पण ते हिंदी सिनेमात केलं. 'मुंज्या' (2024) चालला, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, कोकणही त्यात छान दिसतं. पण तिथला मुंजा प्रेमानं वेडावलेला हट्टी पोरगा उरतो. तो मुंजाच का झाला, खवीस का नाही, हे विचारायला सिनेमा थांबत नाही. मराठी कादंबरीनं थांबायला हवं होतं. अजून थांबलेली नाही, याची मला खंत आहे, कारण सामग्री आपल्या दाराशी पडलेली आहे.

दाराशी म्हणजे अक्षरशः. प्रताप नगरातून दीक्षाभूमी लांब नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडलं याचं कारण सांगितलं. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथे आहे म्हणून नव्हे, तर बौद्ध धर्माचा प्रसार करणारे नाग लोक इथे होते, त्यांच्या वस्तीतून वाहणारी ती नाग नदी, असं त्यांचं म्हणणं होतं. पुराणांत नाग म्हणजे फणा असलेले, पाताळात राहणारे, जनमेजयाच्या यज्ञात होरपळलेले जीव. बाबासाहेबांनी त्यांचा फणा काढून टाकला आणि त्यांना माणूस केलं, पूर्वज केलं. इतिहासकार त्यावर वाद घालतील, तो त्यांचा धर्म आहे. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की गोष्टीतल्या प्राण्यामागे हरलेला माणूस उभा असतो, हे ओळखून त्याला परत माणसांत आणण्याचं एवढं मोठं काम गेल्या शतकात जगातल्या फार थोड्या ठिकाणी झालं असेल.

एकाच शहरात हे दोन्ही घडलं. इतवारीत राणीची राक्षसीण झाली आणि दीक्षाभूमीवर नागाचा माणूस झाला. नागपूरच्या लेखकासमोर ही दोन टोकं आहेत आणि त्यांच्या मधोमध तिसरी गोष्ट आहे, सर्वांत जुनी, जिच्यामुळे आमच्या बैठकीत सर्वांत जास्त आवाज चढले. ती लिंगोची, गोंडांच्या आद्यपुरुषाची.

नागपूर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शाहनं. पण शहराच्या शाळकरी इतिहासात भोसले जेवढे दिसतात तेवढे गोंड दिसत नाहीत. गोंडांची गोष्ट पहिल्यांदा कागदावर आली ती स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यामुळे. ज्याच्या नावानं नागपुरात कॉलेज आहे तोच. 1840 च्या दशकात आलेला, दगडधोंड्यांचा आणि भाषांचाही अभ्यासक. परधान या गायक समाजातल्या एकाकडून त्यानं लिंगोचं दीर्घ गाणं गोंडीत लिहून घेतलं. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुरानं फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यानं त्याचे कागद 1866 मध्ये प्रसिद्ध केले. नाशिकच्या जॅक्सनसारखंच. लोकांच्या गोष्टी गोळा करणारा गेला, कागद दुसऱ्या साहेबानं छापले.

हिस्लॉपच्या गाण्यात गोंड मुलं जन्मतात, त्यांचा वास महादेवाला सोसवत नाही, म्हणून खारीच्या मागे लावून त्यांना गुहेत कोंडलं जातं. लिंगो तपश्चर्या करतो, समुद्राकाठच्या एका महाकाय पक्ष्याची पिल्लं सापापासून वाचवतो. तोच पक्षी गुहेच्या तोंडावरचा दगड हलवतो आणि राखणीला बसवलेल्या राक्षसाला गिळतो. पुढे पूर येतो, मगर दगा देते, कासव तारतं. राक्षस, पक्षी, मगर, कासव सगळे आहेत आणि त्यातून एक समाज जन्माला येतो, त्याची कुळं आणि देव ठरतात. राष्ट्रकथा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

पण ही गोष्ट ज्यांची आहे त्यांना ती अशी मान्य नाही. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करत गोंडी भाषा आणि पुनेम म्हणजे गोंडी धर्म यावर आयुष्यभर लिहिणारे मोतीरावण कंगाली (1949–2015) यांनी पारी कुपार लिंगोची वेगळी मांडणी केली. त्यात काली कंकालीची मुलं गुहेत कोंडली जातात, रायताड जंगो आणि लिंगो त्यांच्यासाठी धडपडतात आणि हिरासुका पाटालीर हा वादक आपल्या वाद्याच्या बळावर दगड हलवून स्वतः त्याखाली जीव गमावतो. ती गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातलं कचारगड. माघ पौर्णिमेला तिथे जी यात्रा भरते ती ऐंशीच्या दशकात नव्यानं उभी राहिली, त्यात कंगालींचा आणि त्यांच्या सोबत्यांचा मोठा वाटा होता. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा राज्यांतून लोक येतात. राज्यांच्या सीमा आखताना कुणी लिंगोला विचारलं नव्हतं. त्याचे लोक दरवर्षी त्या सीमा ओलांडून एका गुहेशी जमतात.

बैठकीत आमच्या प्राध्यापकांनी हिस्लॉपची बाजू घेतली. मजकूर जुना आहे, नंतरची मांडणी चळवळीतून आलेली आहे, असं त्यांचं म्हणणं. गोंड मुलीनं शांतपणे विचारलं, "सर, साहेबानं 1863 च्या आधी एका परधानाचं ऐकलं, ते प्रमाण. माझ्या आजीनं तिच्या आजीचं ऐकलं, ते चळवळ?" प्राध्यापक गप्प बसले नाहीत, बसायलाही नको होतं. त्यांनी ग्रीन मॅनचं उदाहरण दिलं : नवी गोष्ट जुनी म्हणून पुढे आली की सावध राहावं. त्यावर ती म्हणाली की ग्रीन मॅनला राजाच्या पत्रिकेवर जागा मिळाली, हिरासुकाला शाळेच्या पुस्तकातही नाही, हा फरक तुम्ही मोजणार की नाही? मी तिच्या बाजूनं होतो. गोष्ट किती जुनी यापेक्षा ती कोण सांगतं आणि तिच्यातून कुणाला बाहेर काढलं जातं, हे मला आधी तपासावंसं वाटतं. काळ्या मारबतीची गोष्टही लोकांचीच आहे, तरी तिच्यात एक बाई दरवर्षी जळते.

टेंपलच्या पुस्तकात गोंडी ओळी रोमन लिपीत आहेत. त्यांची प्रत मुलीनं मिळवून आणली होती. तिची आजी सालेकशाकडे राहते, मराठी कळते पण बोलायला गोंडीच बरी वाटते. त्याच संध्याकाळी प्रताप नगरातल्या त्या खोलीतून तिनं आजीला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहून घेतलेल्या ओळी वाचायला लागली. सुरुवातीला आजी हुंकार देत होती. मग वाचणारीचे उच्चार सुधारू लागली. पक्ष्यानं दगड हलवल्याची जागा आली तेव्हा तिनं नातीला मध्येच तोडलं आणि बराच वेळ तावातावानं बोलत राहिली. आम्हाला अक्षर कळत नव्हतं. नात वहीत उतरवून घेत होती. फोन ठेवल्यावर तिनं आम्हाला मराठीत सांगितलं : "म्हणते, ज्यानं लिहिलं त्याला अर्धंच सांगितलं होतं. पाखरू नंतर आलं. आधी वाजवणारा होता. उरलेलं ऐकायचं असेल तर कचारगडला या, फोनवर नाही सांगणार."